कुस्तीगिराचं खरं दुखणं स्टोरीलाइनमध्ये घुसडतात, तेव्हा तुम्ही काय करता?

रामबागचा_मामा, इंदूर

आधीच सांगतो, "डब्ल्यूडब्ल्यूई खोटी असते" हे शिकवायला कोणी येऊ नका. टेन स्पोर्ट्सच्या जमान्यापासून बघतोय, ट्रम्प कार्डांपायी शाळेत मार खाल्लाय. निकाल आधी ठरतो, मान्य. माझं भांडण लिहिणाऱ्यांशी आहे.

२०२० चा लॉकडाउन. शनिवारी सकाळी स्मॅकडाउन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा आठवड्याचा शो, लागायचा, आम्ही सगळे पोह्यांच्या बशा घेऊन टीव्हीपुढे. तिकडे प्रेक्षक नाहीत, रिकाम्या हॉलमध्ये शो. मे महिन्यातल्या एका भागात सुरुवातीलाच दाखवलं की इलायस या कुस्तीगिराला कोणीतरी गाडीने उडवलंय, गाडी दुसऱ्या कुस्तीगिराची, जेफ हार्डीची, त्याच्या अंगाला दारूचा वास, आणि पोलीस त्याला बेड्या घालून नेतायत. आता हाच जेफ २०१९ मध्ये खरोखर दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला होता. माझ्या भाचीने विचारलं, "मामा, हा खराच पितो की स्टोरीत पितो?" मी काही बोलायच्या आत माझा मोठा भाऊ बशी ठेवून आत निघून गेला. त्याचं तेव्हा दारू सोडणं चालू होतं. आईने मुकाट्याने बातम्या लावल्या.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. प्रतिस्पर्धी शेमस त्याला दारुडा म्हणून हिणवणार, मग लघवीच्या तपासणीचा तमाशा, जेफ तो कप शेमसच्या तोंडावर फेकणार. आणि जुलैमध्ये शेवट कशाने? बार फाइट, म्हणजे बारमध्येच मॅच! दारूशी झगडणाऱ्या माणसाचा हिशोब गुत्त्यात चुकता. जेफ जिंकला, पुढच्या आठवड्यात नवं भांडण. व्यसन सुटतं कसं, पुन्हा पाय का घसरतो, घरचे काय भोगतात, यातलं काही नाही. नुसती हीट, म्हणजे प्रेक्षकांचा राग, मिळवायला जखम उघडी केली.

उलट कुस्तीगीर एडी गरेरो. २००४ मध्ये चॅम्पियन ब्रॉक लेसनरसमोर त्याच्या व्यसनाचा विषय निघालाच होता. पण तो स्वतः बोलला, स्वतःच्या तोंडाने, आणि फेब्रुवारीत चॅम्पियनचा बेल्ट जिंकला. रडलो होतो मी. तोच एडी नोव्हेंबर २००५ मध्ये गेला, आणि तीन महिन्यांत स्टोरीत रँडी ऑर्टन एडीच्या दोस्ताला, रे मिस्टीरिओला, ऐकवतोय की तुझा एडी नरकात आहे. एकाच माणसाचं नाव, पण पहिल्या वेळी माईक त्याच्या हातात होता.

तुम्ही रेषा कुठे ओढता? की ओढतच नाही?

सुप्लेक्स_ताई

मी महिला कुस्तीगीर शार्लटमुळे बघायला लागले, म्हणून माझी रेषा २०१५ च्या नोव्हेंबरात ओढली गेली. रॉ या आठवड्याच्या दुसऱ्या शोवर मॅचच्या करारावर सह्या करण्याचा प्रसंग, आणि प्रतिस्पर्धी पेज तिला म्हणते की तुझ्या धाकट्या भावात झुंजायची ताकदच नव्हती. तो मुलगा, रीड, २०१३ मध्ये ड्रग्सच्या ओव्हरडोसने गेला होता. वय पंचवीस. त्याच्या आईला ते अजिबात रुचलं नाही आणि तिने ते उघड सांगितलं. बरं, त्या वाक्याने मॅच चांगली झाली का? सर्व्हायव्हर सिरीजची ती मॅच मला आज एका चालीनिशी आठवत नाही. वाक्य तेवढं आठवतं.

म्हणजे धंदा म्हणूनसुद्धा ते फुकट गेलं.

मालवा_हील

भिया, तुम्ही दोघं भावनेत वाहताय. मी थोडा खलनायक होतो.

एडीच्या बायकोचं, विकी गरेरोचं काय? नवरा गेल्यावर २००६ मध्ये तिलाही स्टोरीत आणलं, तेव्हाही लोक ओरडले. पण पुढे तीच बाई स्मॅकडाउनची जनरल मॅनेजर झाली, नुसतं "एक्सक्यूज मी" म्हणाली तरी स्टेडियम खवळायचं. मुली वाढवल्या त्यावर. घरच्यांना काम मिळालं, तर बाहेरच्यांनी का कुढावं?

आणि जेफचा भाऊ मॅट हार्डी. २००५ मध्ये त्याची मैत्रीण लिटा आणि कुस्तीगीर एज यांचं प्रकरण खरं होतं, मॅटला वर नोकरीवरून काढलं, आणि लोकांनीच दर शोमध्ये त्याच्या नावाच्या घोषणा देऊन कंपनीला त्याला परत घ्यायला लावलं. म्हणजे आपल्यालाच खरं दुखणं हवं असतं. मिळालं की मग नाकं मुरडायची.

रामबागचा_मामा

विकीचा मुद्दा घेतला. खरंच घेतला, तिच्यासारख्या हील, म्हणजे स्टोरीतल्या खलनायिका, कमी झाल्या. पण ती जिंकली तिच्या आवाजावर आणि टायमिंगवर. त्या 'नरकात' वाक्याचं तिला काय देणं?

मॅटचं मात्र उलटं सांगतोयस. त्याला आणलं खरं, पण समरस्लॅमच्या मोठ्या शोमध्ये एजने त्याला रक्तबंबाळ करून हरवलं, ऑक्टोबरमध्ये हरणाऱ्याने रॉ सोडायचं अशा लॅडर मॅचमध्येही मॅटच हरला, आणि जानेवारीत चॅम्पियन कोण? एज. घर मॅटचं मोडलं, पुश, म्हणजे कंपनीची बढती, एजला. घोषणा लोकांनी यासाठी दिल्या होत्या?

तिलकनगर_टेबल्स

रोमन रेन्सचं कोणी बोललंच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याने ल्युकेमिया परतल्याचं सांगून बेल्ट खाली ठेवला, आणि त्याच रात्री त्याचा साथीदार डीन अँब्रोझ हील झाला. तिथपर्यंत ठीक, तो धक्का जबरदस्त होता. पण नंतर आजारपणच प्रोमोत, म्हणजे माईकवरच्या भाषणांत, आलं. अँब्रोझने कंपनी सोडल्यावर २०१९ मध्ये मुलाखतीत सांगितलं की रोमनच्या आजारावरचं एक वाक्य बोलायला त्याने साफ नकार दिला होता. म्हणजे नाही म्हणता येतं. फक्त नाही म्हणणाऱ्याचं वजन हवं. नवख्या पोराने म्हटलं तर त्याला घरीच बसवतील.

आणि मामा, नीट केलेलं उदाहरण हवं असेल तर २०२४ चं बो डॅलस बघा. कुस्तीगीर ब्रे वायट ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. पुढच्या वर्षी त्याचा सख्खा भाऊ बो मुखवटा काढून खुर्चीत बसला आणि त्या दुःखाबद्दल स्वतः बोलला. त्यात बाहेरचा कोणी खिजवणारा नव्हता.

रामबागचा_मामा

बो डॅलसच्या त्या मुलाखती पाहिल्यात. तेच म्हणतोय मी: ज्याचं दुखणं, त्याने बोलावं. पण जेफलाही 'स्वतःहून कबूल केलं' म्हणून दाखवता येईलच, आणि डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकलं, पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. त्यामुळे नुसत्या संमतीनेही माझं समाधान होत नाही. ज्याचा आजार अजून चालू आहे त्याच्यावर स्टोरी लिहूच नका, निदान तो सावरेपर्यंत.

भाची आता एकटीच नेटफ्लिक्सवर बघते, रिया रिप्लीची भक्त आहे. भाऊ बघत नाही.

मालवा_हील

सावरलाय की नाही हे कोण ठरवणार, भिया? कंपनीचा डॉक्टर?