स्थलनिर्देशक नकाशे कसे शिकवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. स्थलनिर्देशक म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे शिकवताना घोडं अडतंय समोच्च रेषांपाशी (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा). भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन रेषांमधला उंचीचा फरक सहसा २० मीटर, हे मुलं घडाघडा म्हणतात. पण रेषांचं टोक चढाकडे वळलं की दरी आणि उताराकडे वळलं की डोंगराची सोंड (डोंगरातून बाहेर आलेला उतरता कणा), इथे हमखास गोंधळ. अर्धा बटाटा पाण्यात ठेवून, पाणी वाढवत रेघा मारून दाखवल्या. टेकडी कळली, सोंड नाहीच. प्रशिक्षणांत नुसते पीपीटी, नकाशा हातात कोणी देत नाही (चहा मात्र वेळेवर!). सिंहगडासारख्या ओळखीच्या डोंगरावर बेतलेलं प्रात्यक्षिक कोणाकडे आहे का? आणि शिक्षकांनाच नकाशा वाचायला बसवणारी कार्यशाळा कुठे होते? मराठीतून असेल तर उत्तमच.