नारंगी भिंत: आधी प्रायमरचं बघा

एकच भिंत नारंगी करा, बाकीच्या पांढऱ्या ठेवा, असा सल्ला मिळाला, तो पटला. पण त्यातलं 'रंगाचे दोन हात मारले की काम झालं' हे नारंगीला लागू नाही. हा रंग झाकायला कच्चा. आमच्या हॉलमध्ये दोन हातांनंतरही खालचा पांढरा रोलरच्या पट्ट्यांमधून डोकावत होता, खिडकीजवळ तर ओरखडे काढल्यासारखं दिसायचं. शेवटी चार हात लागले. मग पेंटर म्हणतो, प्रायमरमध्येच (रंगाआधी भिंतीला देतात तो पहिला थर) थोडा रंग मिसळून घेतला असता तर इतके लागले नसते. हे आधी सांगायचं ना! असो.

आणखी एक गोष्ट. ही भिंत शेजारच्या पांढऱ्या भिंतीला आणि छतालाही आपल्या रंगाची झाक देते. दुपारी तिच्यावर थेट ऊन पडलं की आमचं छत पीच दिसतं. रात्री २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाची छटा सांगणारं माप) पिवळट दिव्यात तीच भिंत छान उबदार, पण ६५०० च्या पांढऱ्या दिव्यात मातकट. त्यामुळे शेडकार्डवरच्या, म्हणजे रंगांचे नमुने छापलेल्या कार्डावरच्या, टिचभर चौकोनावर जाऊ नका. मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर भिंतीशी धरून बघा.