२० लिटरचं पातेलं, १९ लिटर बियर: घट्ट उकळून वरून पाणी घालायचं की बॅचच छोटी करायची?

भुसावळकर_परदेशी
मी मूळचा भुसावळचा, आता अमेरिकेत असतो. तिकडे १९७८ च्या कायद्यानं घरी बियर बनवायला परवानगी मिळाली, दोन सज्ञान माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. इकडे लायसन्सशिवाय बनवता येत नाही म्हणून सुट्टीत आईच्या घरी बसून नुसती वहीत रेसिपी मांडतोय.

हिशोब असा आहे. पूर्ण माल्टपासून (मोड आणून वाळवलेलं धान्य) १९ लिटर पाहिजे, ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या मानानं साखरेच्या पाण्याचा जडपणा, १.०५०. तासभराच्या उकळीत माझ्या शेगडीवर साडेतीन लिटर उडतं, म्हणजे सुरुवातीला साडेबावीस लिटर वॉर्ट (माल्टचं गोड पाणी) पाहिजे आणि पातेलं आहे २० चं. मग मी ठरवलं की साडेसोळा लिटरच उकळायचं, तेरा उरेल १.०७३ चं, आणि फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) सहा लिटर पाणी घालायचं की झालं १९. शेवभाजीला आपण काय करतो, पाहुणे वाढले तर मसाला आधीच जास्त घेतो आणि मग गरम पाणी घालतो, रस्सा पांचट लागत नाही. पातेलं नवीन घ्यायची काहीच गरज नाही असं माझं ठाम मत आहे.

तापीकाठ
हाई काय माले पटनं नही भाऊ. रश्शाचं उदाहरण अर्धंच आहे. माल्ट ४.८ किलो धरलं तर किलोला तीन लिटरनं मॅशचं (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढायचं) पाणी साडेचौदा, वर दाण्यांची स्वतःची जागा सव्वातीन लिटर, पातेलं तिथंच साडेसतरापर्यंत भरलं. चोथा किलोमागे लिटरभर पाणी पिऊन बसतो, मग तो चोथा धुवायला सातच लिटर उरतं. एवढ्या कमी धुण्यात साखर चोथ्यातच राहते, आणि ती भरून काढायला तू माल्ट वाढवतोयस. पैसे तिथंच चालले.

त्यापेक्षा १० लिटर कर. अडीच किलो माल्ट, १६ लिटर पाणी एकदमच, सगळं मिळून पावणेअठरा, पातेल्यात आरामात बसतं, धुवायची भानगडच नाही. चोथा कापडातून उचलला की साडेतेरा लिटर उकळायला घे. चव बिघडली तरी दहाच लिटर वाया जाईल.

भुसावळकर_परदेशी
दादा, दिवस तेवढाच जातो ना पण. मॅश एक तास, उकळ एक तास, गार करणं, भांडी घासणं, दहा लिटरला पण तेच आणि १९ ला पण तेच. लहान पोरं घरात असली की महिन्यातून एकच रविवार हाती लागतो. पाऊण किलो माल्ट जास्त गेलं तर जाऊ दे, माझा रविवार महाग आहे.

ज्वारीची_भाकर
मी बियर बनवत नाही पण आमच्याकडे बिबड्या दरवर्षी होतात, ज्वारी भिजवून आंबवून मग पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं. पातेलं कधीच काठोकाठ भरत नाहीत, उसळी आली की हात भाजतो. तुमच्या त्या उकळीत फेस येतो का?

तापीकाठ
येतो ताई, पहिली उकळी फुटताना तर भसकन येतो. साडेसोळाला साडेतीन लिटर जागा राहते, तेवढं ठीक आहे, पण शेगडीजवळून हलायचं नाही.

धुळे_ते_डब्लिन
दोघांनी हॉप्सचं, म्हणजे बियरला कडू करणाऱ्या फुलांचं, काहीच बोललं नाही. घट्ट वॉर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो. कडवटपणा मोजायचं टिनसेथचं सूत्र लावून बघा, १.०४५ च्या मानानं १.०६५ ला साधारण सोळा टक्के कमी. वर तू पाणी घातलंस की तेरा लिटरमधला कडवटपणा एकोणीसात वाटला जाणार. साध्या पेल एलला (कमी कडू बियर) हॉप्स वाढवून भागेल पण आयपीएला (खूप हॉप्सची कडू बियर) नाही, कारण वॉर्टमध्ये कडवटपणा विरघळायलाही मर्यादा असते, कितीही हॉप्स ओतले तरी पुढे वाढत नाही.

आणि वरचं पाणी नळाचं थेट ओतू नको. क्लोरीन उकळून जातो पण अमेरिकेत बऱ्याच शहरांत क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं जंतुनाशक) असतं, ते नुसत्या उकळीनं नीट जात नाही, ते घालवणारी कॅम्पडेनची गोळी लागते, नाहीतर बियरला औषधासारखा वास येतो. मॅशच्या पाण्यालाही तेच.

माझं मत वेगळंच आहे, तीन किलो माल्टचा मॅश कर आणि उरलेली ग्रॅव्हिटी कोरड्या माल्ट एक्स्ट्रॅक्टनं (वॉर्ट आटवून केलेली तयार पावडर) भर, तोही उकळीच्या शेवटी.

तापीकाठ
एक्स्ट्रॅक्ट घातला की पूर्ण माल्टची बियर राहिली कुठं? त्यानं पहिल्याच ओळीत ते म्हटलंय.

भुसावळकर_परदेशी
एक्स्ट्रॅक्ट नकोच, माल्ट निवडायची मजा जाते. पण हॉप्सचा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता, वहीत तो आकडा चुकीचाच होता. आता असं लिहितोय, गव्हाची बियर आणि कमी हॉप्सचं एल घट्ट उकळून १९ लिटर, पाणी आदल्या दिवशी गोळी टाकून उकळून झाकून ठेवलेलं. आयपीए मात्र दादांच्या पद्धतीनं दहाच लिटर, पाणी न घालता. पण रविवारचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

तापीकाठ
बरं. मग गव्हाच्या मॅशमध्ये भाताचा तूस टाक मूठभर, गव्हाला साल नसते, चोथा चिकटून बसला की सात लिटरही खाली उतरणार नाही.

ज्वारीची_भाकर
तूस आधी दोनदा धुवून घ्या, माती असते त्यात.