यूव्ही लावला म्हणजे सांडपाणी निर्जंतुक झालं का?

गाळणी (धागाकर्ता)
परवा इथे एका सोसायटीच्या सचिवांनी लिहिलं होतं, ‘दीड वर्षापूर्वी एसटीपीला यूव्ही बसवला आणि हायपोचे कॅन कायमचे बंद केले. रसायन शून्य, जंतू शून्य. प्रत्येक सोसायटीने हेच करावं.’ (एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, हायपो म्हणजे क्लोरीनसाठी घालतात ते सोडियम हायपोक्लोराइट.) खाली शाबासक्यांचा पाऊस. मी एकोणीस वर्षं एसटीपीवर काम करतोय, मला ते वाचून गप्प बसवलं नाही.

यूव्हीशी माझं वैर नाही. पण तो उजेडाने काम करतो. २५४ नॅनोमीटरचा किरण जंतूच्या डीएनएपर्यंत पोचला तरच त्याची वाढ थांबते. गाळाच्या कणाआड बसलेला जंतू सुखरूप पलीकडे जातो. आणि आपलं फ्लशला वापरायचं ट्रीटेड पाणी घरच्या फिल्टरमधल्यासारखं नितळ नसतं. एका सेंटिमीटरला ६५ टक्के किरण पार होत असेल, तर पाच सेंटिमीटरवर जेमतेम १२ टक्के उरतो.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी (नाव घेत नाही) यूव्हीचा चेंबर उघडला. दिवा छान निळा पेटलेला, पॅनलवर हिरवी खूण. दिव्यावरची क्वार्ट्झची स्लीव्ह, म्हणजे काचेची नळी, ओढून काढली तर तिच्यावर पिवळट पांढरा थर, किटलीच्या तळाशी बसतो तसा. नखाने खरवडला तर कपची निघाली. टँकरचं जड पाणी आणि तापलेली काच, दुसरं काय होणार? सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवल्यावर कुठे काच काचेसारखी दिसली. तो निळा उजेड जंतू मारत नाही, मारणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही. हे माहीत नसल्यामुळे सगळे निळा रंग बघून निर्धास्त.

निवळशंख
मग क्लोरीन तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे? पाण्यात अमोनिया उरला असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी जुळतो, क्लोरामाइन होतं आणि मारक शक्ती घटते. बारा टक्क्यांचा हायपो मे महिन्यात गच्चीवर ठेवलात तर महिन्याभरात त्याची ताकद किती उरते, मोजलीत कधी? आणि क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या परजीवीला क्लोरीन शिवतसुद्धा नाही. त्यानेच १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात चार लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, पाण्यात क्लोरीन असून! तेच क्रिप्टो यूव्हीच्या अगदी कमी मात्रेत निकामी होतं.

गाळणी
मिलवॉकीचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. त्या दिवसांत तिथल्या दक्षिणेकडच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळणी नीट झाली नव्हती, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला होता. मी तेच म्हणतोय. आधी गाळा, मग दिवा लावा. हायपोच्या ताकदीबद्दल मान्य. आमच्याकडेही कॅनवरचं लेबल वाचूनच डोस ठरतो.

सिद्धेश्वर पेठ
तुम्ही सोसायटीच्या फ्लशवर भांडताय. आम्ही सोलापूरकर उजनीचं पाणी पितो. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी सगळ्या भीमेत येतात आणि भीमा येते उजनीत. ११७ टीएमसीच्या धरणावर जलपर्णीचा हिरवा गालिचा बघवत नाही. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत सोडलेल्या पाण्याला १०० मिलिलिटरमागे १००० च्या आत फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) म्हटलंय, २०१९ मध्ये हरित लवादाने मोठ्या शहरांना २३० पर्यंत आणायला सांगितलं. आम्हाला दिवा की कॅन याच्याशी घेणं नाही. आकडा दाखवा.

निवळशंख
आणि नदीत सोडायचं असेल तर क्लोरीन नकोच. नळाला येतो तेवढा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीनसुद्धा माशांना जड जातो. घरी फिश टँक आहे त्याला विचारा, नळाचं पाणी थेट ओततो का ते. सोडण्याआधी क्लोरीन काढायला पुन्हा सोडियम बायसल्फाइट घाला, म्हणजे एका रसायनावर दुसरं.

ओली वाळू
मला वेगळंच बोलायचंय. माझा धाकटा भाऊ एका सोसायटीत एसटीपी ऑपरेटर होता. बारा तासांची पाळी, तळघर, पंखा बंद. हायपोचा पस्तीस लिटरचा कॅन एकट्याने कलता करून टाकीत ओतायचा. हातमोजे मागितले तर ‘पुढच्या महिन्यात’. एकदा सफाईवाल्याने ॲसिडचा उरलेला डबा त्याच टाकीत रिकामा केला. क्लोरीन सुटला. भाऊ जिना चढून वर आला आणि पार्किंगमध्ये खाली बसला. दोन रात्री दवाखान्यात होता. अजून पावसाळ्यात खोकला सुरू झाला की आई उठून बसते. तुम्ही डोस आणि टक्के बोलता. मला कॅन नको म्हणजे नको.

गाळणी
ताई, वाचून वाईट वाटलं. पण ही चूक रसायनाची नाही, व्यवस्थेची. ॲसिड आणि हायपो एका खोलीत ठेवायचेच नाहीत, हा पहिला धडा.

ओली वाळू
पहिला धडा कुणी शिकवला त्याला? ऑपरेटरला कुणी शिकवत नाही. पंप बंद पडला की शिव्या मात्र त्यालाच. ‘व्यवस्थेची चूक’ म्हणणारे तळघरात उतरत नाहीत.

गाळणी
मी एकोणीस वर्षं उतरतोय. माझ्यावर हे नको.

चौथा मजला
ताईंचं बरोबर आहे. आमच्याकडे तीन वर्षांत पाच ऑपरेटर बदलले. ठेकेदार सांगतो तेवढ्या पगारात दुसरा मिळतो. मशीन कुठलंही आणा, ते बघणारा माणूस दर सहा महिन्यांनी नवा असेल तर स्लीव्ह पुसायची कुणाच्या लक्षात राहणार?

ओली वाळू
हेच! स्लीव्ह पुसायलाही माणूसच लागतो. त्याला महिन्याला दोन हजार जास्त देणार का, हे त्या सचिवांनी आधी सांगावं.

सिद्धेश्वर पेठ
आकडा कुणी दिलाच नाही अजून.

निवळशंख
गाळणी, एक गोष्ट मला मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध. यूव्हीने पाण्यात मागे काही उरत नाही. फ्लशची टाकी गच्चीवर उन्हात दोन दिवस तापणार, तिथे जंतू पुन्हा वाढणार. शिवाय उन्हात काही जिवाणू यूव्हीची जखम भरूनही काढतात. तेव्हा फ्लशसाठी यूव्हीनंतर थोडा हायपो लागेल. पण नदीसाठी मी माघार घेणार नाही.

गाळणी
नदीसाठी मीही यूव्हीच म्हणेन, आधी वाळूचा फिल्टर धड चालत असेल तर. आणि थोडा हायपो टाकायचाच तर डोसिंग पंपाने, झाकलेल्या टाकीतून. कॅन हाताने ओतायचा नाही. ताईंचं एवढं माझ्या मनात राहिलंय.

बी-विंग सचिव
मूळ पोस्ट माझी होती. इथे सगळ्यांनी मिळून मला आरोपी केलंय. मी सोसायटीच्या भल्यासाठी लिहिलं होतं, विक्रेत्याने ‘मेंटेनन्स नाही’ असंच सांगितलं होतं.

गाळणी
आरोपी नाही. तीन गोष्टी विचारतो. लॅम्पचे तास किती झाले? बहुतेक लॅम्प ९ ते १२ हजार तासांनंतर पेटतात, पण पुरेसा किरण देत नाहीत. स्लीव्ह शेवटची कधी काढली? आणि यूव्हीनंतरच्या पाण्याचा फीकल कोलिफॉर्मचा रिपोर्ट आहे का? बीओडीचा (सेंद्रिय घाणीच्या मापाचा) नको, कोलिफॉर्मचा.

बी-विंग सचिव
आत्ता खाली जाऊन आलो. मीटरवर १३,४१२ तास. स्लीव्ह एकदाही काढलेली नाही, ऑपरेटरला ती कशी निघते तेही माहीत नाही. रिपोर्ट बीओडीचाच आहे.

सिद्धेश्वर पेठ
सॅम्पल कधी पाठवताय?

बी-विंग सचिव
सोमवारी. आकडा इथेच टाकतो, कसाही येवो.

ओली वाळू
आणि हातमोजे?

बी-विंग सचिव
आज संध्याकाळी आणतो. दोन जोड.