श्वासनलिकेचा कर्करोग : आधी बांबोळी की थेट परळ?

सह्यकडा : दम्याचे पंप चालू, एक्स-रे स्वच्छ, तरी श्वास आत घेताना शिट्टी वाजते? मान-छातीचा सीटी लगेच काढा. श्वासनलिकेचा स्क्वॅमस (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा) कर्करोग दुर्मिळ, पण झपाट्याने वाढतो. नळीची पोकळी ८ मिमीपर्यंत आली की घाटी चढताना धाप लागते. ५ मिमीला बसल्या जागी आवाज येतो. असा रुग्ण कुडाळहून रात्रभर मुंबईला नेणं मला पटत नाही. बांबोळीच्या गोवा मेडिकलला न्या, रिजिड ब्रॉन्कोस्कोपने (तोंडातून घालायच्या ताठ दुर्बिणीने) गाठ कोरा, स्टेंट (नळी उघडी धरणारा आधार) घाला. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाचं नंतर बघू.

खाजण : कोरा की! पण स्टेंट कशाला? श्वासनलिका जेमतेम १०-१२ सेंमी. मोठ्या माणसात फार तर निम्मी कापून टोकं जोडता येतात. ३ सेंमीच्या गाठीत ६ सेंमीची धातूची जाळी बसवलीत की दोन्ही टोकांना मांस वाढतं आणि चांगली नळीही वाया जाते. मग सर्जन हात वर करतो. बरं होण्याची खरी आशा शस्त्रक्रियेतच आहे.

सह्यकडा : गाठ अन्ननलिकेत घुसलेली असेल, किंवा निम्म्याहून लांब असेल, तर कसली शस्त्रक्रिया? अशांना रेडिएशनच, ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) किंवा थोडं जास्त. त्यात सुरुवातीला सूज येते. अरुंद नळी तेव्हाच बंद पडू शकते, म्हणून आधी स्टेंट.

खाजण : हे ठरवणार कोण? स्टेंट घालणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. अडलंच तर सिलिकॉनचा घाला, काढता येतो. सीटीच्या फिल्मवर भागत नाही, १ मिमी कापांची सीडी परळला आधी पाठवा.

भुलीचा माणूस : तुमचं भांडण चालू दे, पण रुग्णाला उताणा झोपवू नका. श्वासाची वाट हाती येईपर्यंत स्नायू शिथिल करणारं औषध नको; स्वतःचा श्वास चालू राहू दे. कॉटरी (विजेने गाठ जाळायचं हत्यार) वापरताना ऑक्सिजन ४० टक्क्यांखाली, नाहीतर नळीत आग लागते. आणि घाबरून ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला भोक पाडून ट्यूब घालणं) करतात ना, गाठ खाली दुभाजकाजवळ, म्हणजे नळी दोन फुप्फुसांकडे फाटते तिथे, असली तर ट्यूब वरच संपते. वर नळीचा एक तुकडा फुकट खराब!

खाजण : मान्य. जोडकाम झाल्यावरही हनुवटी आठवडाभर छातीशी टाक्याने धरलेली असते, मान मागे गेली तर जोड ताणतो. तोवर गावी परतायची घाई करू नका. रेडिएशन जोड भरल्यावरच.

सह्यकडा : मग एवढं लिहून टाका : बांबोळीत फक्त कोरणं, बायोप्सी, आणि रुग्ण बसू-बोलू लागला की परळ. धातूच्या जाळीवरचा आक्षेप मला पटला; अडलंच तर सिलिकॉनचा.