नातवंडं मोठी झाली, आता नाताळच्या भेटींचं काय करायचं?

आजी_वसई
नऊ नातवंडं. थोरली 24 वर्षांची, नोकरीला लागलेली. धाकटा 6 वर्षांचा. आजवर 25 तारखेला जेवण झालं की गोठ्यासमोर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासमोर, बसून प्रत्येकाला एक वस्तू, अशी रीत होती. आता मोठ्यांना आपण घेतलेले कपडे चालत नाहीत, आणि सगळ्यांना पाकिटं दिली तर धाकटा हिरमुसतो. सुना म्हणतात, बंदच करा. मला बंद करायचं नाही. पैसे द्यायचे तर किती, कोणाच्या खात्यात, टॅक्स पडतो का? आणि 23 ला रात्री येऊन 26 ला निघणाऱ्या कॉलेजच्या पोरांना घरच्या तयारीत कसं ओढायचं?

नगर_नाका
12 वर्षांखालच्यांना वस्तूच द्या, आणि ती कागदात गुंडाळलेली हवी. फाडायला कागद नसेल तर त्या वयात भेट मिळाल्यासारखं वाटतच नाही. 12 च्या पुढच्यांची आणि मोठ्या माणसांची चिठ्ठी काढा. एकाने एकालाच द्यायचं.

डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावू नका. शेवटच्याला हमखास स्वतःचंच नाव येतं, मग सगळं पुन्हा. त्यापेक्षा चिठ्ठ्या पिसून टेबलावर गोल मांडा आणि प्रत्येकाने उजवीकडच्याला द्यायचं. स्वतःचं नाव येणं शक्यच नाही. नवराबायको किंवा सख्खी भावंडं शेजारी आली तर त्यातली एक चिठ्ठी दुसरीकडे सरकवा. हे काम चिठ्ठीत नसलेल्या माणसाने करावं, म्हणजे तुम्हीच, आणि प्रत्येकाला वेगळा मेसेज पाठवावा. घरच्या ग्रुपवर नाही!

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी नावं कळली की खरेदीला तीन-चार आठवडे मिळतात. रकमेला वरची मर्यादा घाला तशी खालचीही घाला, उदाहरणार्थ 400 ते 600. नुसती वरची ठेवली की कोणीतरी 80 रुपयांचा मग आणतो, आणि पुढच्या वर्षी निम्मे लोक अंग काढून घेतात. ऑनलाइन मागवायचं तर 15 तारखेच्या आत.

हिशेबनीस
पैशांचं बोलतो. आजीआजोबांनी नातवंडाला दिलेल्या भेटीवर, रक्कम कितीही असो, घेणाऱ्याला आयकर नाही. नातसून, नातजावई यांनाही नाही. मात्र 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही; तेवढी द्यायची तर बँकेतूनच. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाच्या नावे पैसे ठेवले तर त्यावरचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरतात. हे मुलाला किंवा सुनेला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रिटर्न भरताना कटकट होते.

10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढून स्वतः चालवता येतं, 500 रुपयांत. पहिल्या पाकिटाला ही चांगली जागा. सुकन्या किंवा पीपीएफ खातं मात्र नातवंडाचे आईवडील असताना आपण उघडायला जाऊ नये. आजीआजोबांनी उघडलेल्या सुकन्या खात्यांचं पालकत्व 2024 मध्ये आईवडिलांकडे बदलून घ्यायला लावलं होतं. पैसे द्या, भरू दे त्यांना.

किती द्यायचे? वय गुणिले 100. तेराव्या वर्षी 1300, चौदाव्या वर्षी 1400. धाकट्यांची कुरकुर राहत नाही, कारण आपलीही पाळी येणार हे त्यांना दिसतं. पहिला पगार झाला की पाकीट बंद.

बांद्र्याची_माई
हिशेबनीस, शेवटचं पटलं नाही. पगार लागला म्हणून आजीचं पाकीट का थांबावं? 101 घाला, आणि आत चार ओळी हाताने लिहा. आणि नातसून आली की तिला पहिल्याच नाताळला घरच्यांइतकंच. तिथे केलेला फरक वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

चांदणीवाला
पोरांना ओढायचं तर "मदत कर" म्हणू नका, अख्खं एक काम नावावर करा. 24 ला सकाळी कॉलेजवाल्यांना चांदणीचा कंदील द्या. 3 फुटांच्या 10 कामट्या. पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधायच्या. कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक वरून, एक खालून. टेपने मोजा: शेजारच्या दोन टोकांत पाचही ठिकाणी 22 इंच आलं पाहिजे. तिरकी चांदणी होते ती इथेच. मग दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं सुतळीने आवळा आणि आतल्या पाच छेदांवर 6 इंचांचे तुकडे आडवे अडकवा, पोट फुगतं. पतंगाचा कागद खळीने चिकटवा, खालचा एक त्रिकोण दिवा घालायला मोकळा ठेवा. दिवा 5 वॅटचा एलईडी. जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब आत नको, कागद करपतो.

लहानांकडे कुलकुलं. अर्धा किलो मैदा, 100 ग्रॅम पिठीसाखर, 2 अंडी, 2 चमचे लोणी, चिमूट मीठ, आणि पीठ घट्ट मळलं जाईल एवढंच नारळाचं दाट दूध. ओल्या फडक्याखाली अर्धा तास. गोटीएवढा गोळा काट्याच्या पाठीवर चपटा करून गुंडाळायचा आणि शेवटची कड दाबायची. ती राहिली की तेलात उलगडतात. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून लाल, आतून कच्ची. तळणी अर्थात मोठ्यांकडेच.

आजी_वसई
चिठ्ठी आणि वयाचा हिशेब, दोन्ही करते. पाकीट माईंच्या मताने चालूच राहील. गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी उगवायचं काम धाकट्याला द्यावं म्हणते, पण ती दरवेळी पिवळी पडून लोळते.

चांदणीवाला
फार दिवस अंधारात राहते म्हणून. 12 तारखेला रात्री भिजत घाला, 13 ला फडक्यात बांधा, 14 ला मोड आले की ताटलीत ओल्या मातीवर दाट पसरा. दोन दिवस झाकण, मग खिडकीत, आणि ताटली रोज फिरवा. पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. तळाशी साचलं की बुरशी येते. धाकट्याला शिंपडायची बाटली द्या, तांब्या देऊ नका.