मदत हवी आहे: बाळंतिणींसाठी माहितीपत्रक (नाशिक)

नमस्कार. सिडको-पंचवटीतल्या बाळंतिणींसाठी एकपानी माहितीपत्रक करत आहोत. सिझेरियनचे टाके पोटाच्या घडीखाली येतात. शेगडीच्या शेकाने तिथे घाम साचतो, जखम ओली राहते, पू धरतो. हे सासूबाईंनाही पटेल असं कसं लिहावं?

एकाच पोटरीला सूज आणि ठणका म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. सिझेरियननंतर हा धोका जास्त, आणि नेमका तोच थकवा समजून अंगावर काढला जातो. नॉर्मलनंतर खालचे टाके दुखणं, खोकताना लघवी सुटणं जास्त दिसतं. लाजेने कुणी बोलत नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सिझेरियन असो वा नॉर्मल, लगेच दवाखाना.

पेल्व्हिक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम शिकवणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्ट नाशकात कुठे भेटतील? फी परवडणारी हवी.